आपलं नाव कुठल्या यादीत?

५ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झाली. दोनेक दिवसांनी गोदीत जेवणाच्या सुट्टीत आमच्या टोळीतल्या एकानं मोबाइलवर तिथला नकाशा दाखवला. मोठी शहरं निळी, बाकीचा मुलूख सगळा लाल. शहरानं एकाला मत द्यायचं, खेड्यानं दुसऱ्याला. तो म्हणाला, "काय कवी, आपल्याकडं पण असंच असतं का रे?" आपली विधानसभा तेव्हा तोंडावर आली होती. मी म्हटलं, सांगतो. ते सांगायला आज बसलोय.

पहिली गोष्ट, तो नकाशा तिथंसुद्धा पुरता खरा नाही. त्याच निवडणुकीत ट्रम्पची मतं न्यूयॉर्कसारख्या शहरातल्या कामगार वस्त्यांतही वाढली. एक रंग शहराचा आणि एक खेड्याचा, ही नकाशा काढणाऱ्याची सोय आहे. 

दुसरी गोष्ट, आपला राष्ट्रपती आपण निवडतच नाही. आमदार-खासदार निवडतात. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताची किंमत १७५, उत्तर प्रदेशातल्या आमदाराची २०८, सिक्कीमच्या आमदाराची ७. ही किंमत काढताना लोकसंख्या धरतात ती १९७१ ची. १९७१ ला माझा आजा परभणी जिल्ह्यात गावकुसाबाहेर राहत होता. १९७२ च्या दुष्काळात तो मुंबईला आला, गोदीला लागला, जोगेश्वरीला टेकडीवर पत्र्याची खोली बांधली. दिल्लीच्या हिशेबात तो अजून गावातच उभा आहे आणि मी जन्मलेलोच नाही. 

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले, देशाचा पहिला दलित राष्ट्रपती. २०१७ ला तर दोन्ही बाजूंचे उमेदवार दलित होते, रामनाथ कोविंद आणि मीराकुमार. कुणीही आलं तरी राष्ट्रपती आपलाच. आणि वस्ती तिथंच. तेव्हा माझ्या मताचा सवाल राष्ट्रपतीच्या निवडणुकीत सुटत नाही. लोकसभा-विधानसभेकडं यावं लागतं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

२० मे २०२४. मुंबईत लोकसभेचं मतदान. आमची जोगेश्वरी उत्तर-पश्चिम मुंबईत येते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३५ ब नावाचं कलम आहे. मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवाल्यालासुद्धा. पण त्याच कलमात एक पळवाट आहे. ज्याच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल त्याला हे लागू नाही. आमच्या ठेकेदाराला कलम माहीत नव्हतं, पळवाट मात्र उपजत माहीत होती. म्हणाला, "जहाज धक्क्याला लागलंय. ज्याला सुट्टी पाहिजे त्यानं उद्यापासून यायची तसदी घेऊ नये."

पाच वाजता पाळी सुटली. डॉकयार्ड रोडवर हार्बरची गोरेगाव गाडी पकडली. जोगेश्वरीला उतरून शाळेच्या गेटपर्यंत पळत गेलो. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सहाच्या आत रांगेत लागले त्यांनाच आत घेतलं होतं. अंगावर स्टीलच्या कॉइलीचं तेल तसंच. गेटवरचा शिपाई हसला. म्हणाला, "आता पाच वर्षांनी या."

४ जूनला निकाल लागला. रवींद्र वायकर ४,५२,६४४. अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. नऊ लाखांत अठ्ठेचाळीस! नोटाचं बटण दाबणारेच पंधरा हजारांवर होते. आमच्या टोळीत या मतदारसंघातले अकरा जण. त्यातल्या नऊ जणांचं मत पडलं नाही. मी कुणाला देणार होतो ते सांगत नाही, मत गुप्त असतं. नऊच्या नऊ एकाच बाजूला गेली असती असंही म्हणत नाही. पण अशा पाच टोळ्यांत खासदार ठरतो, हे त्या दिवशी कळलं. आजवर मी समजत होतो की आपलं मत म्हणजे समुद्रात मुतल्यासारखं आहे.

नंतर पेपरात आलं, शहरी मतदार उदासीन. नोव्हेंबरच्या विधानसभेला मुंबई शहर जिल्ह्यात मतदान बावन्न टक्क्यांच्या आसपास आणि कोल्हापुरात शहात्तरच्या आसपास. खेडं जागरूक, शहर झोपलेलं! पांढरपेशा विद्वान सांगतो की मुंबईकर सुट्टी काढून लोणावळ्याला जातो. जाणारा जात असेल. आम्ही कुठं होतो ते मी वर सांगितलंय. झोपडी तुटते, माणूस संक्रमण शिबिरात जातो, नाव जुन्याच यादीत राहतं. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते, यादी मागं पडते. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांचं नाव इथं नाहीच. ते गावात आहे.

माझ्या बापाचं नाव गावातच आहे. तीस वर्षं झाली इथं राहून. कायदा म्हणतो, जिथं राहता तिथंच नाव, आणि नाव एकाच ठिकाणी. बाप ऐकत नाही. २६ एप्रिल २०२४ ला परभणीचं मतदान होतं. बाप देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात दारात बसून गेला, बटण दाबून आला. परभणीचा निकाल लाखाहून जास्त मतांच्या फरकानं लागला. मी बापाला म्हटलं, "तुम्ही चौदा तास दारात बसून गेलात, लाखात तुमचं एक गेलं. इथं असतात तर अठ्ठेचाळीसात गेलं असतं."

बाप म्हणाला, "लोकसभेसाठी कोण जातंय लेका? नाव ऱ्हावं म्हणून जातो. बावीस घरं हायत आपली तिथं. ग्रामपंचायतीला चार-पाच मतावर वार्ड जातो. आपलं एक नाव कटलं की त्यायला कळतं, बौद्धवाडा कमी झाला. मंग पाण्याची टाकी कुठं बसल?"

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ग्रामपंचायतीला पॅनलवाले मुंबईला गाड्या पाठवतात. येताना वडापाव, जाताना वडापाव आणि वर पाकीट. मुंबईतला हमाल एका दिवसापुरता गावचा राजा होतो. त्या गाडीत बसणाऱ्याला शहरी मतदार म्हणायचं का ग्रामीण? कुठला रंग द्यायचा त्याला नकाशात?

मित्रांनो, माझं म्हणणं इथंच आहे. आपल्यापुरतं तरी शहराचं मत आणि खेड्याचं मत असे दोन ढीग नाहीत. एका ठिकाणी मार बसतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्या ठिकाणच्या पेटीत निघतो. मागचं काढून बघा.

बाबासाहेब १९५२ ला मुंबईत पडले, काँग्रेसच्या काजरोळकरांकडून. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पडले. एकदा गिरण्यांच्या शहरात, एकदा धानाच्या खेड्यात. दोन्हीकडं आपली मतं एकटी पडली. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात फेडरेशन समितीबरोबर उतरली आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. मतं तीच, पण या वेळी एकटी नव्हती.

१९७२ घ्या. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध बायांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यात बावड्याला बहिष्कार टाकला. त्या आधी दोन वर्षं इळयापेरुमल समितीचा अहवाल संसदेपुढं पडून होता. खेड्यातल्या या माराचा जाब विचारायला पँथर उभी राहिली, पण कुठं? मुंबईत. कामाठीपुरा, वरळी, नायगाव, वडाळा. आणि जानेवारी १९७४ ला मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक लागली तेव्हा पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या सभेवर हल्ला, मग दंगल. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. ब्राह्मणगावच्या विहिरीचा हिशेब वरळीच्या बीडीडी चाळीत मांडला गेला. ज्यांनी मतच टाकलं नाही त्यांनी निकालाला वळण दिलं.

१९७७ ला आणीबाणीचा राग होता. मुंबईच्या सहाच्या सहा जागा काँग्रेसनं घालवल्या. मध्य-दक्षिणमधून आपले बापूसाहेब कांबळे आले. विदर्भातलं खेडं मात्र काँग्रेसच्या मागं राहिलं. हा नकाशा बघून कुणीही म्हणेल, बघा, शहर वेगळं आणि खेडं वेगळं. पण पुढच्याच वर्षी काय झालं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. माझी आजी तेव्हा गावातच होती. शेतात उसाच्या फडात दोन रात्री काढल्या. आजा इथं गोदीत, त्याला आठ दिवसांनी कळलं.

त्या आगीवर पोळी कुणी भाजली? नामांतराला विरोध करणारी मुंबईची सेना १९८५ नंतर मराठवाड्यात गावोगाव पाट्या लावत सुटली. १९८९ ला औरंगाबादचा खासदार तिचा. १९९० ला विधानसभेत ५२ आमदार. शहरातला पक्ष खेड्यातल्या रागावर मोठा झाला. आणि १९९३ च्या जानेवारीत आमच्याच जोगेश्वरीत राधाबाई चाळीत माणसं जाळली गेली, शहर धर्मावर फुटलं. आजा सांगायचा, तेव्हा आपल्यातली चार पोरंही शाखेच्या ओट्यावर बसायला लागली. १९९५ ला युतीचं सरकार आलं, त्यात मुंबईनंही भरभरून दिलं आणि मराठवाड्यानंही. ज्यानं आजीला फडात लपायला लावलं त्याच वाऱ्यानं जोगेश्वरीतली पेटी भरली.

मग १९९७ ची रमाबाई नगरची गोळी. या वेळी मार शहरात बसला. सात महिन्यांनी, १९९८ च्या लोकसभेला, रिपब्लिकन गट एक झाले, काँग्रेसशी समझोता झाला आणि आपले चार जण खुल्या जागांवरून निवडून आले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून. चारातले तीन विदर्भातले! घाटकोपरला सांडलेल्या रक्ताचा जाब कापसाच्या मुलखानं दिला. राखीव जागेचा टेकू नव्हता. पण वर्षभरात गट परत फुटले. लोकांनी एक केलेलं पुढाऱ्यांनी वाटून घेतलं. शहरातली मतं एकानं विकली, खेड्यातली दुसऱ्यानं. २०१९ ला वंचितनं लोकसभेला चाळीस लाखांवर मतं घेतली, महाराष्ट्रभर. तेव्हाही कळलं की ढीग केवढा मोठा आहे, आणि एकटा पडला की त्याचं काय होतं.

आता २०२४. लोकसभेला वस्तीत एकच बोलणं होतं, चारशे पार झाले तर संविधान बदलतील. हे बोलणं जोगेश्वरीच्या विहारात होतं आणि माझ्या गावच्या पारावर पण होतं. कोणत्या टीव्हीनं ते पसरवलं नाही. मुंबईतून गावाला जाणाऱ्यानं नेलं, गावातून येणाऱ्यानं आणलं. वर कांदा, सोयाबीन आणि कापसाच्या भावाचा राग. ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या. लगेच पंडितांनी लिहिलं, खेडं फिरलं.

सहा महिन्यांनी विधानसभा. महायुतीला २३० जागा. त्याच पंडितांनी लिहिलं, खेडं परत फिरलं. मुंबईतसुद्धा ३६ पैकी २२ महायुतीला. आमच्या जोगेश्वरी पूर्वमध्ये मात्र उलटं झालं, ठाकऱ्यांचे बाळा नर दीडएक हजार मतांनी आले. गाव फिरतं, शहर फिरतं, जणू भोवरा आहे. का फिरतं ते कुणी विचारत नाही.

माझ्या मायला लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळाले. मी एकदा चहा पिता पिता बोलून गेलो, "पंधराशेत मत विकलं का गं?" मायनं कप खाली ठेवला. "तुमच्या मोर्च्याला मी बी आले बाळा, भाकरी बांधून आले. मोर्च्यातून घरी येताना हातात काय होतं? जल्मात पहिल्यांदा माझ्या नावानं बँकेत पैसा आला. बापाच्या नावानं नाही, तुझ्या नावानं नाही. मत कुणाला देलं ते मी तुला सांगणार नाही." मला माझीच लाज वाटली. जिनं संविधानासाठी मे महिन्यात उन्हात रांग लावली तीच नोव्हेंबरला आपल्या खात्याचा विचार करते, यात तिचं काय चुकलं? चुकलं आपलं. संविधान वाचलं पाहिजे हे आपण सांगितलं, आणि संविधानानं तिला महिन्याला काय देणं लागतं ते सांगायचं राहून गेलं. शिवाय १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या वर्गीकरणाला वाट दिली. आपल्या शेजारच्या खोलीतल्या मातंग भावाला त्याबद्दल काय वाटतं हे आपण त्याला कधी विचारलं? सगळे दलित म्हणजे आपणच, असं धरून चाललो. तो दुसऱ्या सभेला गेला तर गद्दार कसा?

आणि खेड्यातलं मत किती गुप्त असतं तेही ऐका. पूर्वी कागदाच्या मतपत्रिका मोजायच्या आधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या एकत्र मिसळता यायच्या. आता मशीन आलं, मोजणी केंद्रागणिक होते, आकडे नमुना २० च्या कागदावर उघड छापून येतात. मुंबईत एका केंद्रावर दहा चाळींचे लोक, कुणाचं कुठलं मत ते देवालाही कळणार नाही. गावात बौद्धवाड्याचं मत कागदावर बोट ठेवून दाखवतात. आमच्या गावात एका निवडणुकीनंतर असं बोट ठेवलं गेलं. त्या उन्हाळ्यात वाड्यातल्या एकालाही रोजगार हमीचं काम मिळालं नाही. निवडणूक आयोगानं २००८ सालीच टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं होतं. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून मोजायची, म्हणजे वाडा ओळखू येत नाही. कायदा आयोगानंही २०१५ ला तेच सांगितलं. सरकारनं मानलं नाही. कशाला मानेल? 

म्हणजे बघा. शहरात आपलं मत झाकलेलं राहतं, पण ठेकेदार ते टाकू देत नाही. खेड्यात टाकू देतात, अगदी गाडी पाठवून टाकायला लावतात, पण झाकू देत नाहीत. बापाचं आणि माझं दुखणं असं एकाच कायद्याच्या दोन अंगांना आहे. शहरातल्या पोरांनी टोटलायझरची मागणी केली पाहिजे, ते आपल्याला लागत नसलं तरी. गावाकडच्यांना सांगितलं पाहिजे की गोदीतल्या, नाक्यावरच्या, गटारातल्या माणसाला पगारी सुट्टी हा तुमचाही सवाल आहे. पळवाट बुजवा म्हणून दोघांनी मिळून भांडलं तर पुढाऱ्याला दोन ढीग वेगवेगळ्या भावानं विकता येणार नाहीत.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. मग धरपकड, आणि १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. विधानसभेचा निकाल लागून महिनासुद्धा झाला नव्हता. त्याचा हिशेब कुठल्या पेटीत निघेल? बाप म्हणतो परभणीत. मी म्हणतो जोगेश्वरीत पण निघाला पाहिजे, आणि त्यासाठी आपली नावं यादीत पाहिजेत आणि आपण सहाच्या आत पाहिजे.

टोळीतल्या त्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे नकाशा काढताच येणार नाही म्हण की." मग थोड्या वेळानं म्हणाला, "माझं नाव कुठंय ते मलाच माहीत नाही. मायला, बघायला पाहिजे."

तर बघू या. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या वस्तीतल्या विहारात नमुना ६ आणि नमुना ८ चे कागद घेऊन मी बसणार आहे. ज्याचं नाव नाही त्याचं घालू, खोली बदलली त्याचं हलवू. ज्याला गावातच ठेवायचं आहे त्याच्याशी भांडणार नाही, बाप पण येणार आहे. येताना राहण्याच्या पत्त्याचा कागद आणि एक फोटो आणा. ठेकेदाराला द्यायचा अर्जही लिहून ठेवलाय, १३५ ब कलमासकट. त्याच्यावर निदान पन्नास सह्या पाहिजेत. अठ्ठेचाळीस कमी पडतात.

जयभीम.